पुढे एकच चक्र पुरे

मनुष्याने प्रवासाची जी जी साधने निर्माण केली, त्यांत सायकलीइतके सामान्य माणसाच्या आटोक्यातले आणि त्याला स्वावलंबन शिकविणारे साधन क्वचितच सापडेल. तिला दाणावैरण लागत नाही, पेट्रोल लागत नाही. तिचे सारे अंतरंग उघड्यावर असते. पायाचा जोर साखळीतून मागच्या चाकापर्यंत कसा पोहोचतो, हे पाचवीतल्या मुलालाही डोळ्यांनी पाहता येते. परंतु या साध्या साधनाभोवतीही अलीकडे एक मिथ्या प्रतिष्ठा गोळा झाली आहे. शाळेच्या आवारात नवी सायकल आली की मुले पहिला प्रश्न विचारतात, "गिअर किती?" 'एकवीस' असे सांगणाऱ्याची मान ताठ होते आणि 'एकच' म्हणणारा मुकाट्याने आपली सायकल भिंतीला टेकवतो.

हा न्याय आम्हांस मान्य नाही. सामानसुमान बांधून दूरच्या वाटेला निघणाऱ्याने तर तो मुळीच मान्य करू नये. आमच्या बीदर-कलबुर्गी भागातल्या रस्त्यांवर लांबचा प्रवास करणाऱ्या सायकलीला पुढे एकच चक्र आणि मागे सहा-सात चक्रे एवढी यंत्रणा पुरेशी आहे. किंबहुना तीच अधिक चांगली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. हे मत आम्ही पुस्तकातून उचललेले नाही. ते चिखलात उभे राहून बनले आहे. म्हणून प्रथम तो प्रसंग सांगतो.

गेल्या हिवाळ्यात आम्ही काही शिक्षक आणि काही माजी विद्यार्थी भालकीहून सायकलींनी गाणगापूरला गेलो होतो. हुमनाबादेत माणिकनगरला माणिकप्रभूंच्या समाधीचे दर्शन, कलबुर्गीत बहमनी किल्ला व त्यातली मशीद, आणि शेवटी भीमा-अमरजेचा संगम, असा एका बाजूचा सुमारे दीडशे किलोमीटरचा बेत होता. पथारी, एक जादा कपडा, भाकरी-चटणीचे गाठोडे आणि पाण्याच्या बाटल्या, एवढाच प्रत्येकाचा संसार होता. काहींनी तो मागे कॅरिअरवर बांधला होता. काहींनी हल्लीच्या पद्धतीप्रमाणे सायकलीच्या सांगाड्याच्या पोटात, हँडलपुढे आणि बैठकीखाली लहान पिशव्या आवळल्या होत्या. याला आता 'बाइकपॅकिंग' असे नाव मिळाले आहे. पण पडशी खांद्याला लावून पंढरीची वाट चालणाऱ्यांच्या मुलखात कमी ओझ्याने प्रवास करण्याची कला नवी नाही.

आमच्यातल्या एका मुलाची सायकल सर्वांत भारी होती. पुढे तीन चक्रे, मागे सात, अशी एकवीस गिअरांची ती सायकल वडिलांनी तुरीचे पैसे आल्यावर त्याला घेऊन दिली होती. जाताना तिने सर्वांना मागे टाकले. परतताना मात्र कलबुर्गी सोडल्यावर अवकाळी पाऊस आला आणि आम्ही जवळची वाट म्हणून एका पांदणीत शिरलो. आमच्या काळ्या रेगडीचा चिखल कसा असतो, हे येथल्या वाचकांस सांगावयास नको. तो चाकाला लागत नाही, चाक गिळतो. त्या मुलाच्या सायकलीला पुढे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा जो पत्र्याचा पिंजरा असतो, त्यात चिखल दाटून बसला. मुलाने हँडलवरचा खटका जोराने दाबला. साखळी लहान चक्र आणि सांगाडा यांच्यामध्ये जाऊन अडकली, आणि दुसऱ्या झटक्याला गिअरची तार तुटली. त्याच वेळी आमच्या शाळेतल्या शिपाईमामांची जुनी एकगिअरी काळी सायकल शांतपणे पुढे निघून गेली. मामा चढ आला की उतरत, चिखल आला की काडीने तो काढीत, आणि पुन्हा बसत.

दोन तास सायकल ढकलल्यावर डांबरी रस्ता लागला. तेथे झाडाखाली पंक्चर काढणारे एक वृद्ध मिस्त्री बसले होते. त्यांनी सायकल उलटी केली, चिखल धुतला, मोडका पुढचा गिअर तारेने नळीला बांधून बाजूला केला, साखळी हाताने मधल्या चक्रावर ठेवली आणि म्हणाले, "सर, ही पुढची भानगड विसरा. मागचे सात आहेत ना? तेवढ्यात पोरगं घरी जातं." आणि खरोखरच ते पोरगे घरी गेले. वाटेत फक्त दोन चढांवर ते उतरून चालले. भालकीत पोहोचल्यावर त्याने आम्हांस विचारले, "सर, मग ती बाकीची दोन चक्रे होती कशाला?"

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आम्ही वहीपेन्सिल घेऊन दाते मोजले. हा हिशेब इयत्ता सातवीच्या त्रैराशिकापलीकडचा नाही. म्हणून विद्यार्थिमित्रांनी तो आपापल्या सायकलीवर अवश्य करून पाहावा. पुढच्या चक्राच्या दात्यांस मागच्या चक्राच्या दात्यांनी भागावे. जे उत्तर येते तितके फेरे, पायडलाच्या एका फेऱ्यात, मागचे चाक घेते. त्याला चाकाच्या परिघाने गुणले की एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते ते कळते. २६ इंची चाकाचा परीघ सुमारे २.०७ मीटर असतो.

त्या सायकलीच्या पुढच्या चक्रांना ४२, ३४ आणि २४ दाते होते; मागे १४ पासून २८ पर्यंत सात चक्रे होती. आता पाहा. पुढे ४२ व मागे २८ घेतले तर उत्तर दीड येते. पुढे २४ व मागे १६ घेतले तरी उत्तर दीडच. पुढे ३४ व मागे २२ घेतले तर १.५५ म्हणजे जवळजवळ तेच. तसेच ४२ ला २४ ने, ३४ ला २० ने आणि २४ ला १४ ने भागून पाहिले तर तिन्ही उत्तरे १.७०, १.७१, १.७५ अशी एकमेकांना चिकटून येतात. म्हणजे एकवीस ही संख्या कागदावरची आहे. एकच घर तीन दारांतून दाखवून तीन घरे मोजावीत, तसा हा प्रकार. शिवाय पुढचे सर्वांत मोठे आणि मागचे सर्वांत मोठे, किंवा दोन्हीकडचे सर्वांत लहान, अशा जोड्यांत साखळी तिरपी ओढली जाते आणि लवकर झिजते, म्हणून त्या जोड्या वापरूच नयेत असे कोणताही जाणता मिस्त्री सांगतो. उरले किती, ते वाचकांनीच मोजावे.

मग आम्ही त्या मुलाची सायकल बदलून घेतली. पुढे ३२ दात्यांचे एकच चक्र बसविले आणि मागे १४ पासून ३४ दात्यांपर्यंतचे सात चक्रांचे फ्रीव्हील घातले. आता सर्वांत हलक्या गिअरमध्ये पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल १.९५ मीटर जाते, पूर्वी १.७७ मीटर जात असे. चढावर हा फरक पायाला जेमतेम जाणवतो. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी ७ किलोमीटरने चढता येते. सर्वांत जड गिअरमध्ये पूर्वी एका फेऱ्यात ६.२ मीटर जात असे, आता ४.७३ मीटर जाते. मिनिटाला ८० फेरे मारले तर ताशी सुमारे २३ किलोमीटर. पूर्वीच्या जड गिअरमध्ये तेवढ्याच फेऱ्यांत ताशी ३० किलोमीटर होत. परंतु पथारी आणि पाणी लादलेल्या सायकलीवर सपाट रस्त्याने ताशी ३० किलोमीटर जाणारा प्रवासी आम्ही तरी पाहिलेला नाही. उतारावर तो वेग येतो, पण उतारावर पायडल मारावेच लागत नाही. तेथे ब्रेक चांगले असावे लागतात.

येथे कोणी म्हणेल की या खटाटोपाने वजन तरी किती कमी झाले? प्रश्न रास्त आहे. दोन चक्रे, पुढचा गिअर, त्याची तार आणि एक खटका काढल्याने फार तर अर्धा किलो वाचतो. आता पदार्थविज्ञानाकडे वळू. बीदर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० फूट आणि कलबुर्गी सुमारे १,५०० फूट उंचीवर आहे. म्हणजे कलबुर्गीहून बीदरला येणारा, मधले चढउतार सोडले तरी, सुमारे २०० मीटर वर चढतो. स्वार, सायकल व सामान मिळून ८० किलो धरले, तर एवढे चढण्यास १,५६,८०० ज्यूल कार्य करावे लागते. अर्धा किलो कमी केल्याने त्यातले केवळ ९८० ज्यूल वाचतात, म्हणजे १६० वा हिस्सा. एक लिटर पाण्याची बाटली याच्या दुप्पट भरते. तेव्हा हलकेपणासाठी महागडे भाग घेणाऱ्याने आधी आपले गाठोडे उघडून पाहावे. खरे वजन तेथे असते.

तर मग लाभ कशात आहे? लाभ आहे तो बिघडण्याजोगी वस्तू कमी होण्यात. जी वस्तू सायकलीवर नाही ती मोडत नाही, गंजत नाही, चिखलाने भरत नाही आणि तिच्यासाठी दुकान शोधावे लागत नाही. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतल्या खेड्यांत रस्त्याकडेला सायकल दुरुस्त करणारे हात अजून आहेत. मराठी, कानडी आणि उर्दू या तिन्ही बोलींत तेथे साखळीला 'चेन'च म्हणतात, त्यामुळे भाषेची अडचण पडत नाही. अडचण पडते ती सुट्या भागांची. पुढचा गिअर मोडला तर त्याचा जोड खेड्यात मिळणे कठीण. प्रवासाच्या साधनाची खरी कसोटी दुकानाच्या काचेआड लागत नाही. ते मोडते तेथेच, जवळ असलेल्या हत्यारांनी आणि आपल्याच हातांनी पुन्हा चालू होते की नाही, हीच त्याची कसोटी होय.

इतिहासही हेच सांगतो. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींनी पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ४४,००० मैल तुडवून १८ मार्च १९२८ रोजी परतले. आजची बहुगिअरी यंत्रणा त्या काळी घडलेलीही नव्हती. फ्रान्सच्या सुप्रसिद्ध सायकलशर्यतीत तर साखळी सरकविणारे गिअर वापरण्याची मुभा स्पर्धकांस १९३७ पर्यंत नव्हती; चढ आला की स्पर्धक उतरत, मागचे चाक काढून उलटे बसवीत आणि दुसऱ्या बाजूच्या दातेरी चक्रावर साखळी चढवीत. आज जिला आपण डोंगरी सायकल म्हणतो ती अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॅरिन परगण्यात जन्मली. १९७६ साली तेथल्या टेकडीवरून ज्या शर्यती सुरू झाल्या त्या जुन्या, जड, बहुधा एकगिअरी सायकलींवरच. उतारावर त्यांच्या मागच्या ब्रेकमधले वंगण जळून जाई आणि दर खेपेस ते नव्याने भरावे लागे. पुढे तिला गिअर आले, ते वाढत वाढत तीन चक्रांपर्यंत गेले. आणि २०१२ साली स्रॅम या अमेरिकन कंपनीने डोंगरी सायकलींसाठी पुढे एकच चक्र व मागे अकरा अशी यंत्रणा बाजारात आणली. झाडाखालच्या मिस्त्रींनी तारेने जे केले, तेच जगातल्या मोठ्या कारखान्याने पुष्कळ पैसा खर्चून केले होते!

तथापि हे मत म्हणजे सर्वांवर लादण्याचा नियम नव्हे. एक चक्र घेणाऱ्याला काही गोष्टी सोडाव्या लागतात, त्या प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. आमच्या बदललेल्या फ्रीव्हीलमध्ये २४ दात्यांनंतर एकदम ३४ दाते येतात. ही उडी मोठी आहे, आणि पहिल्या दिवशी पाय गोंधळतो. सह्याद्रीतले मोठे घाट जड ओझ्याने चढणाऱ्याला कदाचित पुढची तीन चक्रेच सोयीची वाटतील. त्याने ती खुशाल ठेवावीत. आमचा मुद्दा इतकाच की त्याने ती आपल्या रस्त्याचा विचार करून ठेवावीत, शेजाऱ्याच्या सायकलीकडे पाहून ठेवू नयेत.

ज्यांना हा बदल करावयाचा आहे त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. स्वस्त सायकलींची पुढची चक्रे बहुधा रिव्हेटांनी ठोकलेली असतात; ती सुटी होत नाहीत, म्हणून चेनव्हील क्रँकसह बदलावे लागते. जेथे ती बोल्टांनी बसविलेली असतात तेथे दोन चक्रे काढल्यावर बोल्ट लांब पडतात, म्हणून आखूड बोल्ट घ्यावेत. चक्र मधल्या जागी बसवावे, म्हणजे मागच्या सातही चक्रांशी साखळी बेताची तिरपी राहते. पुढचा पिंजरा गेला की खडबडीत वाटेवर साखळी उडण्याचे भय असते. यासाठी एकाआड एक जाड व बारीक दाते असलेले चक्र मिळते. साखळीच्या कड्याही एकाआड एक रुंद व अरुंद असल्याने ते दाते त्यांत घट्ट बसतात. ते न मिळाल्यास बाहेरून पत्र्याची चकती लावावी. मागचा गिअर ३४ दात्यांपर्यंत काम देणारा आहे ना, हे आधी विचारावे. साखळीची लांबी ठरविताना ती मागच्या गिअरमधून न घेता पुढच्या चक्रावरून आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावरून गुंडाळावी, आणि जेथे जुळते त्यापुढे एक इंच अधिक ठेवून तोडावी.

साखळी झिजली की नाही हे कंपासपेटीतल्या फूटपट्टीने समजते. साखळीच्या एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचे अंतर अर्धा इंच असते. म्हणून २४ कड्यांची लांबी बरोबर १२ इंच भरली पाहिजे. ती इंचाच्या सोळाव्या हिश्शाने वाढली की साखळी बदलावी. आणखी वाट पाहिली तर ती चक्रांचे दातेही खाऊन टाकते आणि खर्च अनेक पटींनी वाढतो. प्रवासात साखळीची पिन काढण्याचे लहान हत्यार, साखळीचा एक तुकडा, गिअरची एक तार आणि पंक्चरचे सामान एवढे जवळ असले म्हणजे झाले. मागचा गिअरही मोडला तर साखळी आखूड करून एका चक्रावर सरळ बसवावी आणि एकगिअरी सायकलीने घर गाठावे. आणि एक सक्त सूचना: साधेपणाच्या नावाखाली ब्रेक, घंटी वा मागचा तांबडा दिवा कधीही काढू नये. अनावश्यक टाकणे म्हणजे आवश्यक टाकणे नव्हे.

आता ज्यांच्यापाशी गिअरची सायकलच नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. कर्नाटक शासनाने २००६-०७ सालापासून आठवीच्या विद्यार्थ्यांस मोफत सायकली देण्याची योजना सुरू केली आणि त्यानंतर अनेक वर्षे सीमाभागातल्या मराठी शाळांच्या आवारांतही त्या एकसारख्या सायकलींच्या रांगा उभ्या राहिल्या. त्या रांगांत मुलींच्या सायकली पाहून आम्हांस विशेष समाधान वाटे. कारण ज्या गावात हायस्कूल नाही, तेथल्या मुलीचे पुढचे शिक्षण कित्येकदा सायकलीच्या साखळीवरच लोंबत असते. साखळी तुटली, दुरुस्तीला आठ दिवस लागले, आणि मुलगी आठ दिवस घरी राहिली की नववा दिवस येईलच याची खात्री नसते. त्या साध्या सायकलींना कमी लेखू नका. चढावर जड जात असेल तर मागचे १८ दात्यांचे फ्रीव्हील काढून २२ दात्यांचे बसवून पाहा. पुढचे चक्र ४४ दात्यांचे असेल तर भागाकार २.४४ वरून २ वर येतो, आणि जो चढ उतरून चालावा लागे तो बसून चढता येतो. या बदलाला साखळीच्या एक-दोन कड्या वाढवाव्या लागतात आणि मिस्त्रींचा अर्धा तास लागतो. नवी सायकल लागत नाही.

पालकांस आमची विनंती आहे की मुलाला सायकल घेऊन देताना गिअरांची संख्या विचारण्याआधी ती उलटी करून दुरुस्त करावयास त्याला शिकवा. पीक विकून आलेला पैसा मोठ्या कष्टाचा असतो. तो मिरविण्याच्या वस्तूत जाऊ नये, चालणाऱ्या वस्तूत जावा. आणि विद्यार्थिमित्रहो, येत्या सुट्टीत महमूद गवानने १४७२ साली पुरा केलेला बीदरचा मदरसा, अष्टूरचे घुमट, बसवकल्याणचा किल्ला यांपैकी कोठेही सायकलीने जा. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्या सायकलीचे दाते मोजा, साखळी पुसून तेल द्या, आणि गाठोड्यातली एक वस्तू कमी करा. आमच्या त्या मुलाने यंदा तसेच केले. तो पुन्हा गाणगापूरला जाऊन आला. परतीच्या वाटेवर तो त्या झाडाखाली थांबला आणि मिस्त्रींना आपली एका चक्राची सायकल दाखवून पुढे निघाला.